अठरावं पान

काशीराम : सतराच निघाली तात्या. तीनदा मोजली. एक पान वाटेत फाटलं.

दशरथ : तुका अठरा सांगितली होती.

काशीराम : अहो, आज केळीच्या पानासाठी बाजारात मारामारी आहे. सर्वपित्री अमावस्या. अख्ख्या जोगेश्वरीचे बापजादे एकाच दिवशी जेवायला येणार. त्यात मी सतरा धड आणली हे काय कमी झालं?

दशरथ : माझ्या जेवणाक एक काढून ठेवलंस ना? ता घे. मी ताटलीत जेवतंय.

काशीराम : म्हणजे अठरावं वाढायचंच.

दशरथ : वाढूचाच.

काशीराम : बरं बाबा. सांगा, पहिलं कुणाचं?

दशरथ : गोरेगावच्या रुळावरचो. निळ्या सदऱ्याचो.

काशीराम : निळा सदरा, वाढलं. याचा भाऊ आपला विद्याधर झाला होता ना? पखवाज गळ्यातच होता त्याच्या, तसाच धावत आला होता. दुसरं?

दशरथ : दहिसरच्या नदीतलो म्हातारो. त्याचो झिल मीच झालंय.

काशीराम : तो तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहानच असेल हां तात्या. बाप धाकटा आणि मुलगा थोरला!

दशरथ : आग काय जन्मदाखलो बघता? वाढ तू. वडो ठेव. अर्धो नको, अख्खो ठेव. उपाशी गेले सगळे.

शांताबाई : जयभीम. रवळनाथ भजन मंडळ ह्येच का?

काशीराम : जयभीम मावशी. हेच. पण भजन संध्याकाळी आहे. आता पानं वाढतोय आम्ही.

शांताबाई : दशरथ धुरी कोन?

दशरथ : मी. येवा, आत येवा. भायर उन्हात कशाक उभ्या? काशी, पाणी दे.

शांताबाई : पानी नको. जानकी दशरथ धुरी तुमची कोन?

दशरथ : जानकी... मुलगी माझी.

शांताबाई : कवा गेली?

दशरथ : गेल्या वर्षी जुलैत. मालाडात चार मजल्यांची इमारत पडली, त्यात.

शांताबाई : किती वर्साची व्हती?

दशरथ : एकोणीस असेल. नायतर वीस.

शांताबाई : असंल? बापाला पोरीचं वय ठाऊक न्हाई?

काशीराम : मावशी, तुम्ही कुठून आलात? काय काम आहे?

शांताबाई : मी शांताबाई हिवाळे. मुलुंडवरून आले. औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला हाय. माझी पोरगी त्या इमारतीखाली प्लास्टिकची फुलं करायच्या कारखान्यात व्हती म्हनं. आज चौदा महिन्यांनी कळतंय मला.

काशीराम : चौदा महिन्यांनी? कोणी सांगितलं?

शांताबाई : लता म्हनून तिच्यासंगं काम करनारी पोर हाय. ती त्या दिवशी कामाला गेली नव्हती, म्हनून वाचली. भिऊन गावाला पळाली, आता परत आली. परवा मला शोधत घरी आली. मला वाटलं, काई निरोप घेऊन आली. तर ती दारातच रडाया लागली.

दशरथ : बसा बाय. बसा आधी.

शांताबाई : मग काल रजा टाकली, मालाडच्या स्मशानात गेले. तिथल्या कारकुनानं वही काढून दाखवली. त्या चार दिवसांत तेवढ्या वयाची एकच पोरगी. जानकी दशरथ धुरी. नेनारा बाप. पत्ता ह्यो. मी म्हनलं, मग ही तर दुसऱ्याची. तर कारकून हसला. म्हनला, धुरीबुवा लई जनांचे लई काय काय लागतेत.

काशीराम : वहीत नाव तसं लागलं खरं. पण ती आमच्या मंडळाची रीत आहे मावशी. वाईट अर्थ काढू नका. तात्या गिरणीत होते, संपात गिरणी गेली, तेव्हापासून तर हेच. अपघात, आग, काही झालं की मंडळ धावतं. आधी जिवंतांचं बघायचं. चहा, भाकरी, रक्त द्यायचं असेल तर रक्त. मग जे मागे राहतात, ज्यांना कोणी न्यायला येत नाही, त्यांना आम्ही नेतो. आणि अग्नी देण्याआधी मंडळातला एक जण मोठ्यानं म्हणतो, मी याचा भाऊ. मी याचा मुलगा. बिनमाणसाचं कोणी जाऊ नये म्हणून.

शांताबाई : म्हंजे तुमची पोरगी न्हाई ती.

दशरथ : नाय.

शांताबाई : मग आता मी काई सांगत न्हाई. तुमी सांगा. काय काय बघितलं ते समदं. मी आधी सांगितलं तर तुमी त्याला व्हय म्हनाल. भली मानसं तशीच करत्यात, समोरच्याला बरं वाटावं म्हनून.

दशरथ : विचारा.

शांताबाई : त्वांड कसं व्हतं?

दशरथ : सावळी. तोंडाक काय एक लागला नव्हता. खरा सांगतंय, तुमका बरा वाटूचा म्हणून नाय. छातीवर तुळई पडलेली. तोंड धुळीनं पांढरा झालेला, ता पुसला, मग कळला सावळी आसा.

शांताबाई : केस?

दशरथ : एक वेणी. केसात प्लास्टिकच्या पाकळ्या अडकलेल्या. लाल, पिवळ्या. आमच्या चाळीतल्या मालनवहिनीनी न्हाऊ घातलं, तास झाला तरी पाकळ्या काय सगळ्या निघेनात. म्हणाली, ऱ्हावंदे, फुलांच आसत. तशीच नेली.

शांताबाई : अंगावर?

दशरथ : पंजाबी ड्रेस. पिठासारख्या पांढुरक्या रंगाचा. ओढणीक...

शांताबाई : थांबा. ओढनीला काय?

दशरथ : टोकाक गाठ मारलेली. घट्ट. त्या गाठीत चावी.

काशीराम : मावशी? पाणी घ्या. घ्या हो.

शांताबाई : चावी कुठं हाय?

दशरथ : आसा. डब्यात आसा. काशी, खुणांचो डबो काढ, मृदंगाच्या पाठसून. आम्ही प्रत्येकाची एक खूण ठेवतो बाय. कोणाचं बटण, कोणाचा चष्मा. कोणी आलं विचारत तर दाखवायला. अकरा वर्षं झाली. आज पहिलं माणूस आलं.

काशीराम : हा घ्या. ओढणीचा तेवढा तुकडा कापून ठेवलाय, गाठ तशीच आहे. तात्यांनी सोडू दिली नाही.

शांताबाई : मीच शिकवली ही गाठ. दोन येढे आन आतून टोक. आमच्या जालन्याकडं बाया अशीच मारतेत. माझ्या पिशवीत हात घाला वो. माझ्यानं न्हाई व्हत. कागदात गुंडाळलेलं हाय.

काशीराम : हे? कुलूप आहे हे.

शांताबाई : घराचं. सकाळी काढून आनलं. दाराला नुसती सुतळी बांधून आले. लावून बघा.

काशीराम : तात्या, तुम्ही लावा.

दशरथ : नको. त्यांका दे. त्यांचा आसा.

(कुलूप उघडल्याचा आवाज.)

शांताबाई : म्हंजे येनार व्हती.

दशरथ : काय म्हणालात?

शांताबाई : भांडून गेली व्हती ती. मी जालन्याचं एक स्थळ आनलं, बिजवर व्हता, पर नोकरी सरकारी. ती नको म्हनली. मी म्हनलं, माझ्या घरात ऱ्हायचं तर माझं ऐकायचं, न्हाईतर चालती व्हय. तिनं दोन कपडे घेतले आन गेली. लतासंगं ऱ्हायली मालाडात. पर कुलपाच्या दोन चाव्या व्हत्या, त्यातली एक घेऊन गेली. जी कायमची जाते ती चावी कशाला नेईल?

काशीराम : कशाला नेईल मावशी. येणारच होती.

शांताबाई : तिचा बाप लहानपनीच गेला. आमी दोघीच. तिच्यावर हात उगारला त्या दिवशी, लागला न्हाई, पर उगारला.

दशरथ : बाय...

शांताबाई : पुढं सांगा. काय नेसवलं तिला?

दशरथ : नवीन साडी. अबोली रंगाची. कपाळाक कुंकू लावलं. तुळशीचं पान, गंगेचं पाणी. भजन म्हणत नेली. रामकृष्णहरी म्हणत.

शांताबाई : आमच्यात पांढरं नेसवत्यात. भंतेजी येतेत, त्रिशरन म्हनतेत. कुंकू न्हाई न् तुळस न्हाई.

दशरथ : आमका कळला नाय. गळ्यात काय नव्हता, हातावर गोंदवलेला नव्हता. कसा कळतला? जा आमच्या घरात करतत, ताच केला.

शांताबाई : तुमी वाईट केलं म्हनत न्हाई मी. कोनी न्हाऊ घातलं, कोनी केसातलं काढत बसलं, त्ये ऐकून लई बरं वाटलं. मालनबाईला सांगा माझं. पर एक सांगा मला. तोंडानं बाप झालात, ठीक. कागदावर कशापाई झालात?

काशीराम : ते गडबडीत झालं हो. तिथं काय गर्दी होती...

दशरथ : तू गप काशी. माका विचारतत त्या.

शांताबाई : सांगा.

दशरथ : दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हॉस्पिटलात होतो. सगळ्यांचे कोण ना कोण येऊन रडत होते. हिच्याकडे कोणी नाय. कारखान्याचा शेठ पळालेला, नावांची यादी नाय. तिथला माणूस म्हणाला, बेवारस राहिली तर आठ-दहा दिवस बर्फात, मग मेडिकल कॉलेजात, पोरांना शिकायला. माझ्या डोळ्यासमोर आलं ते. तेवढ्यात हवालदार कागद घेऊन आला. दोन रात्री झोपला नव्हता बिचारा. म्हणाला, ही कोणाची? मी म्हटलं, माझी. म्हणाला, नाव? तोंडातून जानकी गेलं. सही करा म्हणाला. केली.

शांताबाई : तिसऱ्या दिवशी मी आले व्हते.

दशरथ : कुठं?

शांताबाई : चौकीवर. रेडिओवर ऐकलं, मालाडला इमारत पडली. पोरगी मालाडात कुठंतरी ऱ्हाते एवढं माहीत व्हतं. गेले. तिथं फळ्यावर फोटू लावले व्हते, ज्यांची वळख पटली न्हाई त्यांचे. नऊ फोटू. एकेक जवळ जाऊन बघितला. ती न्हाई. पुन्हा पहिल्यापासून बघितले. न्हाई. मी इचारलं, अजून कोन हाय का? तर म्हनले, बाकीचे समदे आपापल्या घरच्यांनी नेले.

काशीराम : अरे देवा.

शांताबाई : मी हसले वो भाऊ. नऊ मेलेल्या मानसांसमोर उभी ऱ्हाऊन हसले. घरी जाऊन शिरा केला. शेजारी वाटला. म्हनलं, माझी पोर सुखरूप हाय.

दशरथ : आणि मी आदल्याच संध्याकाळी सही केलेली.

शांताबाई : तुमी बाप झाला नसता तर दहावा फोटू तिचा असता. मी तिथंच वळखली असती. माझ्या हातानं पांढरी साडी नेसवली असती.

काशीराम : मावशी, यांना काय माहीत की...

शांताबाई : ठाऊक नव्हतं, मान्य. पर माझे चौदा महिने कसे गेले ते ऐका तरी. रोज कामावरून यायची, गल्लीच्या तोंडापासनंच नजर कुलपावर. तिच्याकडं चावी हाय. एखाद्या दिवशी कुलूप उघडं दिसंल, आत दिवा दिसंल. रोज कुलूप लावलेलंच. मग राग यायचा. म्हनायची, येवढी कसली गं मिजास? आईनं एक शब्द बोलू नये? दिवाळीला तिच्या वाटच्या करंज्या केल्या आन रागानं गटारात टाकल्या. मेलेल्या पोरीवर चौदा महिने राग धरला मी.

दशरथ : चुकलंय बाय. फार मोठा चुकलंय.

शांताबाई : व्हय. चुकलात.

दशरथ : आता काय करू सांगा.

शांताबाई : ती नोंद बदलायची. वॉर्ड हापिसात, चौकीवर, जिथं जिथं लिहिलंय तिथं. माझ्या पोरीचं नाव, माझं नाव.

काशीराम : हे बघा मावशी, तात्या, दोघंही ऐका. मी रोज अंधेरी कोर्टाबाहेर असले कागद टाइप करतो. हे वाटतं तेवढं साधं नाही. खोटं नातं सांगून मयत नेलं असं स्वतःच लिहून द्यायचं. केस झाली तर यांची वाट लागेल. या वयात पोलीस स्टेशनला फेऱ्या. आणि केस नाही झाली तरी शवागाराचं दार मंडळाला बंद. मग रुळावरचे, नदीतले, त्यांना कोण नेणार? सरकारी गाडी?

शांताबाई : मला केस करायची न्हाई. मी तसं लिहून देते.

काशीराम : तुम्ही द्याल हो. साहेब ऐकेल का?

शांताबाई : तुमचं काम चांगलं हाय बाबा. लई चांगलं हाय. पर त्या कामाच्या खाली माझी पोर दाबून ठेवू नका.

काशीराम : तसं नाही म्हणत मी. दाखला हवा कशाला ते तरी सांगा. तुमच्या विहारात दाखला मागतात का?

शांताबाई : न्हाई. भंतेजी म्हनले, दाखला कशाला, तुमी या, पुण्यानुमोदन करू. रेशन दुकानदार मागतो. कार्डावर तिचं नाव हाय अजून, तिच्या वाटची साखर मी दर महिन्याला आनते, डब्यात साठलीय. तो म्हनतो, दाखला दाखवा, नाव कमी करतो. कोनाचा दाखवू? जानकी धुरीचा?

काशीराम : साखरेसाठी...

शांताबाई : साखरेसाठी न्हाई रे लेकरा. कुठंतरी एका कागदावर लिहिलेलं पायजे की ती गेली. सही-शिक्क्यानं. न्हाईतर कुलूप उघडलेलं आज बघितलं, तरी उद्या कामावरून येताना मी परत कुलपाकडंच बघीन. माझं मला ठाऊक हाय.

दशरथ : काशी, कागद घे.

काशीराम : तात्या, मंडळाचं काय? एकदा विद्याधरला, बाकीच्यांना विचारा तरी.

दशरथ : सही माझी आसा, मंडळाची नाय. तसाच लिही. मंडळाचो काय संबंध नाय, एकट्या दशरथ धुरीन केला. उद्या दार बंद केल्यानी तर तुम्ही जावा, मी भायर बसान. लिही.

काशीराम : मावशी, तो पेला सरकवा जरा, पाटावर कागद ठेवतो. आता कच्चं लिहितो, उद्या स्टँपपेपरवर टाइप करू. 'मी, दशरथ धोंडिराम धुरी, वय बासष्ट, राहणार जोगेश्वरी पूर्व, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, गेल्या वर्षी जुलै महिन्यात मालाड येथे इमारत कोसळून मयत झालेली व जानकी दशरथ धुरी या नावाने नोंद असलेली मुलगी ही माझी मुलगी नाही.' बरोबर?

दशरथ : पुढे.

काशीराम : 'तिची ओळख मी चुकीची सांगितली. मला जानकी नावाची मुलगी कधीही नव्हती.'

दशरथ : ता लिहू नको.

काशीराम : लिहावं लागतं तात्या. नाहीतर साहेब विचारेल, मग जानकी कोण?

दशरथ : ता नको म्हणतंय ना! खोड ता.

काशीराम : अहो, पण का?

दशरथ : कारण ता खोटा आसा.

काशीराम : म्हणजे? तात्या, मी तीस वर्षांचा झालो, तुमच्या मांडीवर वाढलो. तुम्हाला मूल नाही.

दशरथ : सत्तावीस वर्षं झाली. प्रेमा पयल्या बाळंतपणाक गावाक गेलेली. तार आली, मुलगी झाली. गिरणीतून रजा मिळवून बोटीत चढलो. अख्खी रात्र जागा, नावं काढत बसलेलो. पहाटे जानकी ठरवलं. बंदराला उतरलो, चालत घरी गेलो, तर अंगणात कोणी बोलेना. चार दिवस होती. आदल्या संध्याकाळी पुरून झालं होतं, खाडीच्या काठी. तोंड पण बघितलं नाय मी.

शांताबाई : बारसं?

दशरथ : बारशाआधीच गेली. नाव नाय, तिथी नाय, कार्य नाय. तान्ह्या बाळाचं काही करत नाहीत आमच्यात. मी ठरवलेलं नाव कोणाला सांगितलंच नाय. प्रेमाला पण नाय. ती आधीच रडत होती, आणखी रडली असती. मागे मूल झालं नाही. प्रेमा पण गेली, सहा वर्षं होतील. त्या दिवशी हवालदारानं विचारलं नाव काय, आणि इतक्या वर्षांनी पयल्यांदा ता तोंडातून भायर पडला.

काशीराम : तात्या...

दशरथ : बरा वाटला रे. कोणीतरी ता लिहून घेतला. पावती मिळाली, तिच्यावर लिहिलेला, जानकी दशरथ धुरी. म्हणून ह्यांच्या चेडवाची राख पण मी गावाक नेली. त्याच खाडीत सोडली. आपलीच समजून. ह्यांका देवक आता माझ्याकडे काय उरला नाय.

शांताबाई : चावी हाय ना.

दशरथ : चावी तुमचीच.

काशीराम : मग काय लिहू? 'ती माझी मुलगी नाही', एवढंच ठेवू?

दशरथ : एवढाच ठेव. ता खरा आसा.

काशीराम : आणि पुढे, 'सदर मुलगी ही'... मावशी, नाव सांगा.

शांताबाई : शकुंतला राजाराम हिवाळे.

दशरथ : घरात काय हाक मारायचात?

शांताबाई : शकू.

दशरथ : शकू... माका माफ कर गो शकू. म्हणून गेल्या वर्षी तुझ्या पानाक कावळो शिवलो नाय. बाकी पानांक शिवलो, तुझ्या नाय. दुपारचे तीन वाजेपर्यंत काव काव करत बसलेलंय मी गच्चीवर. मी हाक मारत होतो दुसऱ्याच नावानं.

शांताबाई : आमी कावळ्याबिवळ्याचं मानत न्हाई.

दशरथ : माहीत आहे बाय.

शांताबाई : पर आमच्यासाठी कोनीतरी तीन वाजेपर्यंत उन्हात बसलं, हे चांगलं वाटतंय. घरी आता मी एकटीच. दोन्ही चाव्या माझ्याजवळ आल्या, आन उघडायला मानूस एकच.

काशीराम : तात्या, सही इथं. कच्चीच आहे, पण करा. आणि उद्या अकराला वॉर्ड ऑफिस. मी येतो सोबत. मंडळातले पण येतील, आणल्याशिवाय सोडतोय काय मी? मावशी, तुम्ही परस्पर येणार ना?

शांताबाई : येते. ते कुलूप न् चावी आन हिकडं. आन सुतळी बांधलेलं दार हाय माझं, जायला पायजे.

दशरथ : जेवून जावा म्हटलं असतं. पण हे श्राद्धाचं अन्न. तुमका चालूचा नाय.

शांताबाई : न्हाई चालायचं. चहा असंल तर घोटभर घेईन.

दशरथ : काशी, चाय टाक. आणि ह्या शेवटचा पान उचल. त्यांच्यात पान वाढत नाय. त्यांच्या चेडवाचा ते विहारात करतीत.

काशीराम : उचलतो. सतराच राहिली मग. बाजारात आधीच कळलं असतं तर...

शांताबाई : थांब रे. ठेव ते तिथंच.

काशीराम : आता तुम्हीच म्हणालात ना मावशी.

शांताबाई : माझ्या शकूचं नकोच. तिला मी नेते. पर ती चार दिवसांची... भाऊ, तिला कवा वाढलं का पान?

दशरथ : नाय. कोणाच्या नावान वाढतलंय? नावच नव्हता ना ठेवलेला.

शांताबाई : आता हाय की.

काशीराम : तात्या, भात निवतोय. काय करू? वाढू का अठरावं?

दशरथ : वाढ... नको, थांब, भात नको घालू. वायच दूध ठेव वाटीत. चार दिवसांची ती. भात खय खातली?